उडत्या पाखराची पिसं : एका कॅलेंडरच्या प्रकल्प नोंदी

२४ मे २०२५

काम ठरलं. आमच्या भागातल्या वाचनालयासाठी २०२६ चं भिंतीवरचं कॅलेंडर. बारा पानं, बारा फोटो, प्रत्येकाखाली एक म्हण नाहीतर वाक्प्रचार आणि तो कुठून आला याच्या चार ओळी. वाचनालयाची अट एकच: मजकूर कुठून तरी उचललेला नको. माझ्या अटी दोन. पक्षी आमच्या सोसायटीच्या मागच्या आवारात, गच्चीवर किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलेलाच हवा. आणि म्हण घरात खरोखर बोलली जाणारी हवी. त्यामुळे हंस आणि त्याचा नीरक्षीरविवेक पहिल्याच दिवशी बाद. बोरिवली पूर्वेला हंस येत नाहीत, आणि दुधात पाणी किती हे आमच्याकडे आईच सांगते.

मागचं आवार म्हणजे काय तर पंपाची खोली, गंजलेल्या सायकली, एक आंबा, एक उंबर, शेवगा, एक म्हातारा वर्षावृक्ष, कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे नाला. राष्ट्रीय उद्यान जवळ असल्यानं अधूनमधून पाहुणे येतात. बाकी कावळे, पारवे, साळुंक्या, बुलबुल, घारी. सोसायटी पुनर्विकासाला जाणार हे नक्की, कधी ते बिल्डरला आणि देवाला ठाऊक. म्हणून यंदाच.

आईनं मेथी निवडता निवडता यादी सांगितली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. कावळ्याच्या शापानं गुरं मरत नाहीत. पोटात कावळे कोकलणं. कावळ्याची अंघोळ. मध्येच मी म्हटलं, "आई, दुसरा पक्षी सांग ना." तर म्हणाली, "दुसरा कोण येतो गं आपल्या दारात रोज?" त्यात तथ्य आहे. कोश उघडून बसले तरी कावळ्याचीच पानं जास्त भरतात.

सामान: क्रॉप सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, १००-४०० ची लेन्स, जुना ट्रायपॉड, खिडकीच्या ग्रिलवर लेन्स टेकवायला तांदूळ भरलेली कापडी पिशवी. खिडकीच्या कबुतरांच्या जाळीला लेन्सपुरतं भोक पाडायचंय. आईची परवानगी अजून मिळालेली नाही.

२७ मे

काल, २६ मेला, मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. माझा बेत असा होता की जूनच्या पानावर चातक घ्यायचा, आणि कोरड्या आभाळाखाली फांदीवर बसलेला, वाट पाहणारा असाच घ्यायचा. आता कसलं कोरडं आभाळ. आई म्हणाली, "यंदा पावसानंच चातकाची वाट बघायची."

१२ जून

चातक आला. सकाळी गच्चीवर, केबलच्या वायरीवर. वरून काळा, खालून पांढरा, लांब शेपूट, डोक्यावर टोकदार तुरा, उडाला की पंखावर पांढरा ठिपका लखकन दिसतो. दोन कावळ्यांनी त्याला बसू दिलं नाही, त्यामुळे पहिले फोटो म्हणजे निव्वळ वायर.

आजी सांगायची की त्याच्या डोक्यावर दुसरी चोच असते, ती वर करून तो पावसाचा थेंब झेलतो, जमिनीवरच्या पाण्याला तोंड लावत नाही. मोठ्या लेन्समधून तुरा पाहिला आणि ही कल्पना कुठून आली असेल ते कळलं. ओला झालेला तुरा एकत्र चिकटतो आणि बाजूनं खरंच उभ्या चोचीसारखा दिसतो. खालून, दूरवरून, पावसात पाहणाऱ्याला तो वर तोंड करून बसलाय असंच वाटणार. संस्कृत कवींनी तर त्याला मेघाचा सखाच करून टाकलाय; कालिदासाच्या मेघदूतातही तो ढगाच्या वाटेवर भेटतो.

प्रत्यक्षात हा पाहुणा आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे अरबी समुद्र ओलांडून येतो, आणि येतो तो पाणी प्यायला नव्हे, अंडी घालायला. तीसुद्धा दुसऱ्याच्या, बहुतेक करून सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात. पाऊस पडला की सुरवंट होतात, केसाळ सुरवंट त्याचं आवडतं खाणं, आणि सातभाईंचा विणीचा हंगामही तेव्हाच जोरात असतो. म्हणजे पावसाची वाट तो पाहतो हे खरंच. घसा कोरडा पडलाय म्हणून पाहतो, एवढंच कवींनी घातलं. त्यातही त्यांना फार दोष देता येत नाही. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वाट पाहण्यात तहान नाही दिसणार तर काय दिसणार?

दुपारी तो आंब्यावर आला. चोचीत सुरवंट, तो फांदीवर आपटत होता. फोटो मिळाला. वाट पाहणारा चातक मिळाला नाही, जेवणारा मिळाला. तोच लावणार.

१९ जून

काल सोलापूरला मारुती चितमपल्ली गेले. यंदाच पद्मश्री मिळाली होती. १९३२ चा जन्म. आज काम असं झालंच नाही. त्यांचा पक्षिकोश टेबलावर उघडाच होता, चातकाच्या पानावर. वनखात्यातल्या माणसानं जंगलात राहणाऱ्यांकडून पाखरांची नावं, त्यांच्या बोलींतली, जमवून ठेवली. नाहीतर आपण शहरातली माणसं 'छोटा पक्षी', 'मोठा पक्षी' यावरच भागवत बसलो असतो. कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर त्यांच्यासाठी एक ओळ ठेवायची, असं वाचनालयाला कळवलं. लगेच हो आलं.

२ जुलै

कावळा आणि फांदी. ही म्हण यादीत पहिली होती आणि फोटो सगळ्यात सोपा असेल असं वाटलं होतं.

मूळ संस्कृतातला काकतालीय न्याय. तिथे फांदी नाही, ताडाचं फळ आहे. कावळा ताडावर येऊन बसायला आणि पिकलेलं फळ गळायला एकच वेळ आली. बघणाऱ्याला वाटलं कावळ्यानं पाडलं. मराठीत येता येता ताड गेला, फांदी आली. देशावर ताड फारसे नाहीत हे एक कारण असेल. दुसरं, फळ पडणं ही तशी आनंदाची गोष्ट, आणि आपल्याला ही म्हण लागते ती बहुतेक वेळा कुणावर तरी आळ येतो तेव्हा. "मी हात लावला आणि मिक्सर बंद पडला" अशा वेळी फळापेक्षा फांदी बरी.

आता फोटो. कावळा पाव किलोच्या आगेमागे भरतो. त्याच्या वजनानं फांदी मोडणं शक्य नाही, म्हणून तर म्हण. पण गेल्या महिन्यातले कावळ्याचे सगळे फोटो संगणकावर शेजारी शेजारी लावले तेव्हा एक गोष्ट दिसली. आवारात इतकी हिरवी झाडं असताना कावळा पुन्हा पुन्हा बसलेला दिसतो तो वर्षावृक्षाच्या टोकाच्या वाळक्या फांदीवर. कारण उघड आहे. तिथे पानं नाहीत. नाला, कचऱ्याचे डबे, तळमजल्याचं स्वयंपाकघर, मांजर, सगळं एका जागेवरून दिसतं. कोतवाल आणि घारही तीच जागा धरतात. आणि वाऱ्यापावसात सगळ्यात आधी मोडते ती कुठली? वाळकीच. पिठ्या ढेकूण या किडीनं मुंबईतले कितीतरी वर्षावृक्ष असे टोकाकडून वाळत गेले.

म्हणजे कावळा बसणं आणि फांदी मोडणं हा निव्वळ योगायोग नाही. कावळा फांदी मोडत नाही, पण मोडणारी फांदी निवडतो मात्र तोच. तर्कशास्त्राच्या पुस्तकात ज्याला योगायोगाचं उदाहरण म्हणून बसवलंय, त्याला मागच्या आवारात एक साधं कारण निघतं. हे मी वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं. ते न्यायालयात शिरस्तेदार होते. म्हणाले, "म्हणजे आरोपी निर्दोष, पण घटनास्थळी त्याची नेहमीची ये-जा होती." हे वाक्य फोटोखाली घ्यायची त्यांची परवानगी घेतली आहे.

तांत्रिक: काळा पक्षी, मागे पावसाळी पांढरं आभाळ. कॅमेऱ्याच्या मोजमापावर सोडलं तर कावळ्याची सावली तेवढी येते. एक्स्पोजर १.३ नं वाढवलं, तेव्हा मानेचा राखाडी रंग आणि गळ्यावरची चमक सुटी झाली. आभाळ पांढरं फटक पडतं, पडू दे.

९ जुलै

सलग पाऊस. लेन्स डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. या हवेत काचेवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

तासभर उघडीप मिळाली तेवढ्यात गच्चीवरच्या डबक्यात कावळ्याची अंघोळ टिपली. लहानपणी दोन तांब्यांत बाहेर आलं की आई म्हणायची, "झाली का कावळ्याची अंघोळ?" संस्कृतात काकस्नान, अर्थ तोच. पण हा पठ्ठ्या काय अंघोळ करत होता! आधी चोच बुचकळली, मग डोकं, मग छाती टेकून पंख आपटून पाठीवर पाणी उडवलं, बाहेर येऊन अंग झाडलं, पुन्हा आत. भिजून इतका बारीक झाला की ओळखू येईना. नंतर टाकीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढून सारखं करत राहिला. आमच्या इमारतीत इतकी सविस्तर अंघोळ कुणाची होत नाही, पाण्याची वेळच तेवढी नसते.

म्हण चुकीची म्हणावी तर तसंही नाही. कावळा माणूस जवळ असला की दोन बुड्या मारून उडतो. ज्यानं ही म्हण केली तो विहिरीवर, पाणी भरायच्या वेळी उभा होता. मी जाळीमागे होते.

२० जुलै

पंपाच्या खोलीमागे देशी बदामाचं रोप आपोआप उगवलंय, कमरेएवढं. त्याच्या दोन मोठ्या पानांच्या कडा शिवलेल्या दिसल्या. शिंपी. पानाच्या कडेला चोचीनं भोक, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा आणि कापसाचा धागा, आणि भोकाच्या बाहेर धाग्याचं टोक फुगलेलं, त्यामुळे तो सुटत नाही. गाठ मारलेली नसते. आत कापूस. पानं झाडालाच, हिरवीच, त्यामुळे बाजूनं घरटं आहे हे कळतही नाही.

आईच्या यादीत 'अंडीपिल्ली ठाऊक असणं' आहे. एखाद्याची सगळी आतली भानगड माहीत असणं. ही म्हण कुणाच्या तोंडी आधी आली असेल ते सांगायला कोश लागत नाही. ज्या पोरांना गावातल्या प्रत्येक झाडावरचं घरटं ठाऊक असतं, त्यांच्याच घरातली. घरटं सापडलं की पाखरू तुमच्या तावडीत आलं. मग ते किती का उंच उडेना.

आणि म्हणूनच या घरट्याचा फोटो नाही. पानं बाजूला करून आत डोकावलं तर सुंदर चित्र मिळालं असतं, माहीत आहे. पण मी तिथे वाकले की वर्षावृक्षावरचा कावळा मान तिरकी करून माझ्याकडे बघतो, माझ्याकडे म्हणजे मी कुठे बघतेय तिकडे. फोटो काढून झाल्यावर मी घरी जाणार, तो नाही. वन्यजीव छायाचित्रणाच्या बऱ्याच स्पर्धाही आता घरट्यांचे फोटो घेत नाहीत. शिंपिणीचा फोटो लांबून, भिंतीवर, चोचीत कापूस घेतलेली. म्हण खाली असेल. ज्याला कळायचं त्याला कळेल.

वॉचमनला सांगितलं की तिकडे झाडू मारू नको. त्यानं विचारलं नाही का ते. त्याच्या गावी घरटी त्यानं माझ्यापेक्षा जास्त पाहिली असणार.

६ ऑगस्ट

पारव्यांचं काय करायचं? आवारात संख्येनं पहिले तेच. या आठवड्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केल्यावरून पेपर भरून वाहतायत, इमारतीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत, आणि मी मात्र पारव्याची घरगुती म्हण शोधतेय. सापडत नाही. वाड्यात पारवे घुमू लागले म्हणजे घर ओस पडलं, एवढं एक आई सांगते. खडकांच्या कपारीत राहणारं पाखरू. माणूस निघून गेला की वाड्याच्या कोनाड्यात शिरायचं. आता बावीस मजल्यांचे कडे माणसांनीच उभे केलेत आणि प्रत्येक एसीच्या मागे एक कपार आहे. माणसं घरात असतानाच पारवे घुमतात. म्हण अजून व्हायची आहे. पारवा बाद.

२३ ऑगस्ट

गणपती चार दिवसांवर, खाली ढोलांचा सराव, पक्षी सगळे गच्चीच्या वर. उडते फोटो घ्यायला बरं.

'उडत्या पाखराची पिसं मोजणारा' म्हणजे महाचलाख माणूस. आमच्याकडे हे कौतुकानं कमी, सावध करायला जास्त म्हणतात: "त्याच्याशी जपून, उडत्या पाखराची पिसं मोजतो तो." कॅलेंडरचं मुखपृष्ठ हेच करायचं ठरलंय, म्हणून शब्दशः मोजून बघायचं होतं. शटर १/३२००, आयएसओ २५००, सतत फोकस, कावळा कठड्यावरून उडताना आडवा यावा अशा बेतानं उभी राहिले. कावळा पंख खाली आणतो तेव्हा टोकाची मोठी पिसं बोटांसारखी फाकतात, त्या क्षणीच मोजता येतात. पंखाच्या टोकाकडच्या भागात दहा असतात, शेपटीत बारा.

मोठ्या पडद्यावर मोजायला घेतली तर दोन्ही पंखांत एक-एक कमी. आणि दोन्हीकडे अगदी त्याच जागी फट. आरशात पाहावं तशी. मग डोक्यात ट्यूब पेटली. वीण आटोपल्यावर, पावसाळ्यात कावळे जुनी पिसं टाकतात. एकदम सगळी टाकली तर उडणार कसं? म्हणून एकेक, आणि तोल जाऊ नये म्हणून डाव्या-उजव्या पंखातलं जोडीचं पीस साधारण एकाच वेळी. फटीत नीट पाहिलं तर नव्या पिसाचं टोक वेष्टनातून बाहेर येताना दिसतं, गडद काळं, कोरं करकरीत. शेजारची जुनी पिसं उन्हानं तपकिरी पडलेली, कडा झिजलेल्या.

हे एकदा पडद्यावर पाहिलं आणि नंतर गच्चीवर गेले तर कॅमेऱ्याशिवायही दिसायला लागलं. वरून जाणाऱ्या कावळ्याच्या पंखातली फट, आभाळाच्या उजेडात, स्पष्ट. कुठल्या कावळ्याचं पीस कितवं गळलंय ते साध्या डोळ्यांनी सांगता येतं. म्हणजे ही अतिशयोक्ती नाहीच. आभाळाखाली दिवस काढणाऱ्या कुणीतरी, गुराख्यानं म्हणा, पारध्यानं म्हणा, खरोखर मोजली होती, आणि ज्याला येत नव्हतं त्यानं त्याची म्हण केली. कौतुकात तो भीतीचा सूर आहे तो या दुसऱ्याचा.

याच ओघात घार. 'घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी' ही ओळ आईला, मावशीला, शाळेतल्या बाईंना, सगळ्यांना पाठ. पण जनाबाईंच्या नावावर असलेल्या अभंगात ती अशी नाही. तिथे आकाशात हिंडणारी घार पिलांपाशी झेप घालते; चित्त आहे ते पुढच्या ओळीतल्या, कामात गुंतलेल्या आईचं, बाळापाशी. लोकांच्या तोंडात दोन ओळींची एक झाली. घारीला बाईचं मन मिळालं आणि काम करणारी बाई ओळीतून गळून गेली. पानावर दोन्ही ओळी छापायच्या, हे माझं ठाम मत. जागा कमी पडली तर फोटो लहान करीन.

१४ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू झाल्यापासून गच्चीवर रोज कुणाचं ना कुणाचं पान. आज आजोबांचं. आईला विचारूनच कॅमेरा नेला. तिनं अट घातली, आधी कावळा जेवेल, मग तुझं.

पान ठेवलं: भात, वरण, खीर, वडे, अळूची भाजी. मी ट्रायपॉड टाकीशी लावला. कावळे आले, कठड्यावर बसले, कुणी पुढे होईना. आई हात जोडून उभी. मग नेहमीचं सुरू झालं. "काही राहिलंय का? गावच्या घराचं करू. देवीला जाऊन येऊ." मोठ्या काकूनं हळूच सांगितलं, "मुलीच्या लग्नाचं बोला." मुलगी म्हणजे मी. मी लेन्सची टोपी काढत राहिले.

मी कावळ्यांकडे बघत होते, आणि कावळे ट्रायपॉडकडे. तीन पायांचं हे काळं काय आहे, काल नव्हतं. कावळा ओळखीच्या ठिकाणी नवी वस्तू दिसली की थांबतो. इतकी वर्षं माणसांत राहून जगलाय तो या संशयावरच. ट्रायपॉड उचलून जिन्याच्या दारामागे नेला, सगळ्यांना आत बोलावलं, दार अर्धं लोटलं. लगेच एक उतरला. उड्या मारत, वाकडा, एक डोळा पानावर, मग मान फिरवून दुसरा डोळा पानावर. पुन्हा पहिला. आणि मग वडा. भाताला कुणी विचारलं नाही.

"तुझं लग्न म्हटल्यावर शिवला हो," काकू म्हणाल्या. तारखेची नोंद म्हणून लिहून ठेवते, बाकी काही नाही.

खरा ऐवज त्या मान फिरवण्यात आहे. सेकंदाला दहा फोटोंच्या वेगानं घेतलेली मालिका पाहिली. कावळ्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नीट निरखायचं असलं की तो एकाच डोळ्यानं निरखतो, आणि खातरजमा करायला लगेच बाजू बदलतो. एका फोटोत डावा डोळा पानावर रोखलेला, दोन फोटोंनंतर उजवा. मधल्या एकात डोळ्यावर आतली पांढुरकी पापणी आलेली, बुबुळ गायब. हे झरझर घडताना पाहिलं तर असंच वाटणार की बुबुळ एकच आहे आणि ते या खोबणीतून त्या खोबणीत जातंय. जुन्या लोकांना तसंच वाटलं. एकच शब्द वाक्यात दोन्हीकडे लागू पडतो तेव्हा संस्कृत पंडित त्याला काकाक्षिगोलकन्याय म्हणतात तो यावरूनच. रामायणातली गोष्ट याला कारण पुरवते: सीतेला चोच मारणाऱ्या कावळ्यावर रामानं दर्भाची काडी मंत्रून सोडली, त्याचा जीव वाचला, एक डोळा गेला. व्याकरण आणि पुराण या दोघांच्याही मागे तीच एक तिरकी मान आहे. 'काकदृष्टी' हा शब्द आपण बारीक नजरेला वापरतो, तेही त्याच मानेचं देणं.

पैल काऊ कोकताहे, पाहुणा येणार, हे ज्ञानदेवांच्या विराणीपासून चालत आलेलं. पण तो मजकूर मोठा होतोय. एका पानात दोन कावळे नकोत.

१ ऑक्टोबर

चिमण्या. शेवटी तळमजल्याच्या मीटरच्या पेटीमागे एक जोडी सापडली. आईच्या गिरगावच्या चाळीत भिंतीवर पुढे झुकवून लावलेल्या तसबिरींच्या मागे असायची घरटी, आजोबांच्या फोटोखाली रोज काड्या पडायच्या. आता तसबिरी भिंतीला चिकटून बसतात.

'चिमणीच्या दातानं तोडून दे' ही माझी सगळ्यात लाडकी. शाळेत एकच पेरू असायचा. फ्रॉकचा कोपरा पेरूवर धरायचा, वरून चावायचं, तुकडा कापडात येतो, लाळ लागत नाही, म्हणजे उष्टं नाही. सगळं शास्त्र तेवढं. मुलांनी मुलांसाठी केलेला वाक्प्रचार, कुठल्या पंडिताचा हात नाही. आणि चिमणीला दात नसतात हे प्रत्येक मुलाला माहीत असतं.

तर मग चिमणीच का? लेन्स जवळ नेऊन तांदळाच्या कण्या न टाकता साळ टाकली आणि पाहिलं. चिमणी दाणा चोचीच्या कडेला घेते, जिभेनं फिरवत ठेवते, चोचीच्या धारदार कडेनं टरफल कापते. ते बाजूनं गळून पडतं, आत जातो फक्त स्वच्छ दाणा. फोटोत चोचीच्या कोपऱ्याला टरफलाची चकती चिकटलेली स्पष्ट आलीय. अंगणात साळ वाळत घातलेल्या घरातल्या पोरांनी हे रोज पाहिलं असणार. वरचं वर, आतलं आत, आणि तोंड कुठे लागल्याचा पुरावा नाही.

मुंबईत चिमणीवर लिहायचं म्हणजे सालिम अलींनी लहानपणी मारलेल्या आणि ओळख पटवायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेलेल्या चिमणीची आठवण निघणारच. ती पिवळ्या गळ्याची, वेगळी जात. आमची ही साधी घरचिमणी आहे, तिच्यावरून कुणी पक्षीशास्त्रज्ञ झालेला नाही.

८ नोव्हेंबर

छापखान्यातून पहिले नमुने आले. कावळे सगळे डांबराचे गोळे दिसतायत. पडद्यावर दिसणारी गळ्यावरची निळसर झाक कागदानं पिऊन टाकली. सावल्या उजळून फाइली परत पाठवल्या. चकचकीत कागद घ्या असं छापखाना सांगतो, पण त्यावर दुधाचा हिशेब लिहिता येत नाही, आणि ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता येत नाही ते कुणी स्वयंपाकघरात लावत नाही.

नाल्यावरचा बगळा घेतला, 'बकध्यान' खाली. पोपट बाद: फोटो चांगला होता, पण हल्ली 'पोपट झाला' याचा उगम सांगणारे इमारतीत जितके, तितकी उत्तरं.

अडलंय ते जानेवारीच्या पानावर. तिथे मी 'कावळ्याच्या हाती दिला कारभार, त्यानं हागून भरला दरबार' ही म्हण लावली होती, फोटोत पंपाच्या खोलीच्या सूचना फलकावर बसलेला कावळा आणि फलकाची झालेली अवस्था. सगळ्या संचातला सगळ्यात बोलका फोटो. वाचनालयाच्या समितीची काल बैठक झाली. महापालिकेची निवडणूक ३१ जानेवारीच्या आत व्हायची आहे, आणि वाचनालयाचं पत्र्याचं छप्पर बदलायचं निवेदन कुठल्या तरी नगरसेवकाकडेच जाणार आहे. "म्हण काढू नका," अध्यक्ष म्हणाले, "महिना बदला."

जानेवारीला चिमणी. कावळ्याचा कारभार मे महिन्यात नेला, तोवर निकाल लागून सगळे आपापल्या खुर्चीवर बसलेले असतील. फाइली मंगळवारी जायच्या आहेत.